न विचारता काढलेलं अधिक चिन्ह

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली. माझी साहेब शुभांगी, वय छत्तीस, बी.कॉम. झालेली, आणि तिच्या हाताखाली मी, एम.डी. सकाळी दहाला मशिनवर अंगठा टेकवून हजेरी लावते, दीडला डबा खाते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभराच्या लढाया मुलाला, सुनेला, नातीला इतक्या हातवाऱ्यांनी सांगते की नात म्हणते, आजी, तुझी बीपीची गोळी झाली का?

संपादकांनी ‘वैद्यकीय व्यवसायातले अनुभव’ मागितले, तेव्हा त्यांना बहुधा मी वाचवलेले प्राण हवे असावेत. ते देणार नाही. नागपुरात गांधीबागेत मी तीसेक वर्षं दवाखाना चालवला. त्यात काही वाचले, काही गेले, आणि बरेचसे माझ्या औषधाशिवायही बरे झाले असते. सांगायचं आहे ते या दुसऱ्या नोकरीतलं. त्यात एक अत्यंत मूर्ख, फुशारलेली डॉक्टरीण येते. ती मीच, पण वयानं लहान. तिची बाजू घ्यायचा माझा बिलकूल विचार नाही.

आधी तिचा थाट बघा. दवाखाना एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना इतका उभा की वर पोचलेल्या प्रत्येकाची नाडी जलद लागायची, आणि मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची. पेशंटनं जीभ दाखवायची आणि मग ती तोंडात ठेवायची, असा माझा नियम होता. आजाराचं नाव सांगणं मला कमीपणाचं वाटे. एकदा एका साडीवाल्या शेठजींनी भीत भीत विचारलं, बाई, ही गुलाबी गोळी कायची आहे? मी म्हटलं, तुम्ही साडी विकताना गिऱ्हाइकाला सूत कुठल्या गिरणीचं ते सांगता का? तो भला माणूस म्हणाला, "सांगतो नं बाई. कोणी विचारलं तं सांगतोच." मी त्यांना इंजेक्शन दिलं.

अक्षराचं तर विचारू नका. माझं लिहिलेलं खालच्या मेडिकलवाल्याशिवाय कोणाला लागत नसे, आणि त्यालाही लागत होतं की तो अंदाजानं देत होता, ही शंका मला आता येते. त्या वेळी अभिमान वाटायचा. न वाचता येणाऱ्या अक्षरात केवढी सत्ता असते! ज्याला कळत नाही तो वाद कशाला घालेल? मी रस्त्यानं निघाले की दुकानदार गादीवरून अर्धे उठायचे. लग्नाच्या पंगतीत मला आधी वाढायचे. एका घरात तर मुलीचं स्थळ पक्कं करण्याआधी मला विचारायला आले होते. मी मुलाचा फोटो बघून ‘रक्त कमी दिसतं’ असं सांगितलं, आणि स्थळ मोडलं. फोटो कृष्णधवल होता. ते मला पुढे कित्येक दिवसांनी सुचलं.

आता गुडघ्याकडे येते, कारण नोकरी मला गुडघ्यानं मिळवून दिली. दवाखाना बंद केला, कारण तो जिना मलाच चढवेना. मग गुडघा बदलायला शहरातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात भरती झाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निरोप आला की विमा कंपनीनं शंका काढली आहे, मंजुरी थांबली. मी म्हटलं, कसली शंका? माझा गुडघा मला माहीत नाही? तर खालच्या विम्याच्या काउंटरवरून जे उत्तर गेलं होतं ते असं ढिसाळ, की मीही मंजुरी दिली नसती. पलंगावरून फोनवर चार ओळी सांगितल्या: कधीपासून, किती चालता येतं, एक्स-रेत काय दिसतं, गोळ्यांनी का भागत नाही. तासाभरात मंजुरी. वॉकर धरून पहिल्यांदा त्या काउंटरपुढून गेले, तेव्हा शुभांगी उठून बाहेर आली आणि म्हणाली, मॅडम, घरी बसून काय करून राहिल्या?

तर धंदा असा आहे. पूर्वी डॉक्टर म्हणाला कापायचं, की कापायचं. आता विमा असलेला पेशंट भरती झाला, की रुग्णालय कंपनीला कागद पाठवतं: हा आजार, हे उपचार, इतका खर्च, परवानगी द्या. कंपनीत कुठल्यातरी दुसऱ्या शहरात एक डॉक्टर बसलेला असतो. त्यानं ना पेशंट पाहिलेला, ना त्याच्या पोटाला हात लावलेला. तो कागद वाचतो आणि प्रश्न काढतो. त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. क्वेरीला उत्तर द्यायचं माझं काम. उत्तर पटलं तर मंजुरी, नाही तर नामंजुरी. मंजुरी येईपर्यंत, जीव अगदी धोक्यात नसेल तर, वरचा सर्जन हातमोजे घालत नाही.

आमचे सर्जन चाळिशीचे, हात सोन्याचा. पण दिवसातून तीनदा काउंटरशी येऊन उभे राहतात आणि शुभांगीला विचारतात, आलं का? एकदा मला म्हणाले, "मॅडम, खरं सांगा, मी सर्जन आहे की अर्जदार?" मला हसू आवरेना. माझ्या काळात सर्जन वार्डात आला की सिस्टर टोपी सारखी करायच्या, पेशंट झोपल्या झोपल्या सावधान व्हायचे. आता शुभांगीनं मान नुसती आडवी हलवली की सर्जन साहेब मुकाट लिफ्टकडे वळतात. त्यात पेशंटच्या हातात मोबाइल. राउंडला डॉक्टरनं तोंड उघडण्याआधी पेशंट विचारतो, सर, या औषधानं किडनीवर परिणाम होतो असं लिहिलंय, मग काहून देता? माझ्या बरोबरीचे डॉक्टर यावर उसासे सोडतात. मला मात्र मजा येते! सिंहासन उलटलं की खाली काय काय दडवलेलं होतं ते दिसतं. पण मजेच्या पोटात काळजीही आहे, हे कबूल करते. पोटाला हात न लावता निर्णय घेणारा माणूस मला पटत नाही. हे वाक्य मी मोठ्या तावातावानं सगळ्यांना ऐकवत असे. देविदास भाऊंची फाइल येईपर्यंत.

देविदास भाऊ खाप्याचे. वय पंचावन्नच्या आसपास. उभं आयुष्य खाप्याहून बसनं नागपूरला येऊन गांधीबागेतल्या एका कापड दुकानात गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवण्यात गेलं. अचानक पोटात असं दुखलं की माणूस दुकानातच गादीवर आडवा झाला. पित्ताच्या पिशवीत खडे होते. त्यातला एक घसरून नळीत अडकला आणि स्वादुपिंड सुजलं. हा आजार साधा नाही. चार दिवस सलाइनवर ठेवून सूज उतरवली. आता याच भरतीत पित्ताची पिशवी काढायला हवी होती. घरी पाठवलं आणि दुसरा खडा घसरला, तर पुढची खेप कशी जाईल हे कोणी सांगू शकत नाही. रोख भरून ऑपरेशन करायची त्यांची ऐपत नव्हती. सरकारी दवाखान्यात न्या, असं कोणीही म्हणेल. पण तिथं नंबर लागेपर्यंत खडा थांबेल का, याची हमी कोण देणार? सगळी मदार विम्यावर. चार वर्षांपूर्वी नवराबायकोनं मोठ्या हौसेनं काढलेला विमा.

आणि नामंजुरीचं पत्र आलं. कारण काय, तर हे दुखणं दारूमुळे झालं असावं आणि दारूची सवय पेशंटनं लपवली.

मी चिडले. स्वादुपिंडाच्या सुजेची दोन मोठी कारणं, खडे आणि दारू. इथं सोनोग्राफीत खडे ढळढळीत दिसतात, भरतीच्या कागदावर आमच्या रेसिडेंट डॉक्टरनं ‘दारू नाही’ लिहिलं आहे, मग यांनी दारू आणली कुठून? शुभांगी म्हणाली, मॅडम, सोबत पुरावा जोडलाय त्यांनी. पेशंटच्या बायकोनं जुने कागद दिले होते, आपणच स्कॅन करून पाठवले.

देविदास भाऊंची बायको सुशीलाबाई. प्लॅस्टिकच्या पिशवीत घरातल्या प्रत्येक आजारपणाचा कागद जपून ठेवणारी बाई. आम्ही ‘जुने सगळे द्या’ म्हटलं, तिनं पिशवीच दिली. त्यातला एक कागद तीस वर्षांपूर्वीचा. देविदास, पोटदुखी. खाली तीन ओळी औषधं, एकही अक्षर लागत नाही. आणि वर कोपऱ्यात, अख्ख्या कागदावर तेवढंच सुवाच्य: ‘अल्कोहोल’, आणि त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे पितो.

मी म्हटलं, कोण हा गाढव डॉक्टर? अक्षर बघा, कोंबडीनं पाय पुसलेत!

शुभांगीनं स्क्रीनवर कागदाचा माथा दाखवला. वर छापलेलं नाव माझं होतं.

आता हे चिन्ह आलं कुठून ते सांगायला हवं, कारण ही चूक फक्त डॉक्टरच करू शकतो. मी वार्डात शिकत होते तेव्हा पेशंटची हकिकत लिहिताना सवयींचा एक रकाना असे. आमचे वरिष्ठ म्हणायचे, पुरुष आहे आणि पोट दुखतंय, तर दारू लिही. ‘नाही’ म्हणणारा रोज पितो आणि ‘कधीकधी’ म्हणणारा दोन वेळा पितो, मग विचारण्यात वेळ कशाला घालवायचा? आम्ही सगळ्यांनी हे वेदवाक्य मानलं. मी तर त्यात माझी सुधारणाही केली, आणि तिचा मला केवढा गर्व होता! ज्याला खरोखर विचारलं आणि जो हो म्हणाला, त्याच्यापुढे किती ते लिहायचं: रोज पाव बाटली, आठवड्याला एक. ज्याला विचारलंच नाही, त्याच्यापुढे नुसतं अधिक. म्हणजे माझ्या कागदावर नुसतं अधिक चिन्ह दिसलं, तर त्याचा अर्थ जगात एकाच माणसाला कळतो: डॉक्टरीणबाईंनी तोंड वर करून विचारलं नव्हतं.

आता सांगा, पोटाला हात न लावता निर्णय घेणारा कोण?

मला हा माणूस अजिबात आठवत नव्हता. वार्डात गेले. सुशीलाबाई औषध आणायला खाली गेल्या होत्या. देविदास भाऊंना स्टुलावर बसून विचारलं, भाऊ, दारू पिता का? तीस वर्षं उशिरा का होईना, विचारलं. ते म्हणाले, "नाही बाई. खर्रा खातो, खोटं नाही बोलणार, दिवसाले तीन-चार होते. पण दारू कधी तोंडाले लावली नाही. दुकानात शेठजी हाकलून देईन नं." नागपुरात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला मसाला, डॉक्टरपुढे आपणहून कबूल करणारा माणूस दारूबद्दल खोटं बोलत नाही. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण तीस वर्षांच्या सरावानं सांगते. तरीही मी यकृताच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या पुन्हा चाळल्या. दारूची खूण कुठंही नव्हती. फक्त माझ्या कागदावर होती. त्यांना मी तेव्हा काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

खाली येऊन कंपनीच्या डॉक्टरला फोन लावला. तरुण मुलीचा आवाज, फार नम्र. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मॅम, तपासण्या पटतात, पण तुमच्याच कागदांत एका डॉक्टरनं लिहून ठेवलंय. ते मी कसं डावलू? तिचा नियमही बरोबर होता. डॉक्टरनं लिहिलं म्हणजे लिहिलं, याच नियमावर तर मी इमला बांधला होता. ती पुढे म्हणाली, ज्यांनी लिहिलं त्या डॉक्टरांचं स्पष्टीकरण मिळालं तर बघता येईल, पण इतका जुना कागद, त्या आता असतीलही की नाही.

मी म्हटलं, "आहे. तुमच्याशी बोलतेय."

तिनं हळूच विचारलं, मॅम, तुम्ही लिहून द्याल? लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, की विचारलं नव्हतं?

फोन ठेवला तेव्हा शुभांगी माझ्याकडे बघत होती. ही मुलगी दिवसभर डॉक्टरांचे कागद वाचते, त्यामुळे तिला आमच्या सगळ्या पळवाटा पाठ आहेत. ती म्हणाली, "मॅडम, सरळ लिहून टाका नं की गर्दीत दुसऱ्या पेशंटचं त्याच्या कागदावर लिहिल्या गेलं. चूक तर चूक. न विचारता लिहिलं म्हणाल तर उद्या कोणी मेडिकल कौन्सिलात तक्रार करन तुमची." तिनं हे माझ्यावरच्या मायेपोटी सांगितलं. आणि खोटं का सांगू, मी तसं लिहायला घेतलंही. ‘गर्दीच्या ओघात अनवधानाने’ इथपर्यंत लिहिलं. किती गोंडस वाक्य! अशी वाक्यं आम्हाला झोपेतही सुचतात. पेन थांबलं ते एवढ्यासाठी की पुन्हा तेच होत होतं. या माणसाच्या कागदावर मी दुसऱ्यांदा, त्याला न विचारता, माझ्या सोयीचं लिहून देत होते.

कागद फाडला. दवाखान्याची जुनी लेटरहेडं मुलानं माळ्यावरून खाली काढली होती, नातीच्या चित्रांसाठी. मागच्या बाजूला हत्ती नसलेलं एक दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. दुपारपर्यंत पत्र लिहिलं. मोठ्या, सुट्या, शाळकरी अक्षरात. सर्जन साहेब तेवढ्यात तिसऱ्यांदा आले होते. त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, मॅडम, आमच्यातलं कोणी असं लिहिलेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला अजून नोकरी टिकवायची आहे, माझं आता कोण काय वाकडं करणार? हे मी ऐटीत बोलले. पत्र मात्र तीनदा वाचून पाहिलं.

मंजुरी आली, हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी आली, ऑपरेशन झालं, पिशवीतून ज्वारीच्या दाण्याएवढे खडे निघाले, आणि देविदास भाऊ आता दुकानात बसून काम करतात. शुभांगीनं मंजुरी वाचल्यावर टेबलावर हात आपटला आणि आम्ही दोघींनी कँटीनमध्ये तर्री-पोहे खाल्ले. माझी कौन्सिलात तक्रार अजून तरी कोणी केलेली नाही. हा अंक वाचून कोणी करणार असेल तर माझं अक्षर आता चांगलं आहे, उत्तर वाचता येईल.

पण पत्र पाठवण्याआधी एक गोष्ट व्हायची होती, आणि मला खरं ती सांगायची आहे. पत्रावर पेशंटची सही लागते. पत्र इंग्रजीत असेल, तर ते त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा आता नियम आहे. माझ्या काळी आम्ही अंगठा घ्यायचो आणि शाईचा बोळा पुढे करायचो. नियम चांगला आहे. फक्त वाचून दाखवणाऱ्याची तंतरते.

दुपारचे चार वाजले होते. देविदास भाऊ उशीला टेकून बसले होते, सुशीलाबाई पायथ्याशी टॉवेलाची घडी करत होत्या. मी स्टुलावर बसले आणि वाचलं. सदर रुग्ण तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे पोटदुखीसाठी आले होते. ते दारू पितात असे मी कागदावर लिहिले. हे मी त्यांना विचारून लिहिले नव्हते. पुरुष रुग्णांविषयी मी त्या काळी असे गृहीत धरत असे. ही माझी चूक आहे, रुग्णाने काहीही लपवलेले नाही.

देविदास भाऊ पोट दाबून हसायला लागले. म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमी मले ‘आ करा’ एवढंच म्हटलं होतं. मी ‘आ’ केला, अन् तुमी थेट दारुड्याच करून टाकलं!"

मीही हसले, सुटले असं वाटलं. सुशीलाबाई हसल्या नव्हत्या. टॉवेल हातात तसाच होता.

"बाई, पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे इचारलंच नव्हतं?"

"नाही."

"मंग तुमाले कसं समजलं का हे पितात?"

"समजलं नव्हतं. लिहिलं."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग माझ्याकडे न बघता, टॉवेलाकडे बघत सांगू लागल्या. लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. नवऱ्याच्या खिशात हा कागद सापडला. इंग्रजी येत नव्हतं, पण सावनेरला भाऊ मेडिकलच्या दुकानात होता, त्याला दाखवला. औषधांचं त्यालाही काही लागलं नाही. तेवढा एक शब्द लागला. तो त्यानं बहिणीला खालच्या आवाजात सांगितला. सासरी सांगायची सोय नाही, माहेरी तोंड नाही. नवऱ्याला विचारावं, तर तो नाही म्हणेल, आणि डॉक्टरीण कशाला खोटं लिहीन? मग कागद पिशवीत जपून ठेवला, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, बस यायच्या वेळी, पाण्याचा गडू घेऊन दारात उभं राहायचं. अगदी जवळ जाऊन पाणी द्यायचं, म्हणजे समजते.

एका अधिक चिन्हानं मी या बाईच्या तीस वर्षांच्या संध्याकाळी लिहून टाकल्या होत्या, आणि मला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

देविदास भाऊंचं हसणं केव्हाच थांबलं होतं. ते बायकोकडे बघत होते. म्हणाले, "मी तं आख्ख्या दुकानात सांगत होतो. म्हटलं, तुमच्या बायका टीव्ही पाहत बसतात, माझी पाणी घेऊन दारात उभी राहते. शेठजीलेही सांगितलं होतं." मग म्हणाले, "वास घेत होती काय वं?"

सुशीलाबाईंनी टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"पहिले दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "मंग कायचा वास. तुमी दिसेपर्यंत जीव लागत नव्हता, म्हणून उभी राहत होती."

वार्डातला पंखा फिरत होता, शेजारच्या पलंगावरचे काका मुद्दाम भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पत्र पुढे केलं, पेन दिलं, कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखवलं. देविदास भाऊंची सही वेडीवाकडी आली. अशक्तपणानं, हसण्यानं की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही. म्हणून लिहीतही नाही.